हिस्टरी पुसली म्हणजे नेमकं काय पुसलं?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना मध्ये मध्ये आलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे. शक्यतो फोन हातात घेऊन वाचा, कारण आज बरंच काही उघडून बघायचं आहे.

विषय निघाला एका ताईंच्या व्हॉइस मेसेजवरून. त्यांना विचारूनच सांगतोय, नाव-गाव सोडून. डॉक्टरांनी त्यांना गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन सुचवलंय. घरात अजून कुणाला बोलल्या नव्हत्या. आधी आपलं आपण समजून घ्यावं म्हणून दुपारी फोनवर यूट्यूबचे चार-पाच व्हिडिओ बघितले, गुगलवर थोडं वाचलं, आणि मग क्रोम उघडून हिस्टरी पुसून टाकली. संध्याकाळी दीर-जाऊ आलेले, हॉलमधला टीव्ही लावला, यूट्यूब उघडलं, तर पहिल्याच रांगेत तेच सगळे व्हिडिओ. ताई विचारतात, "दादा, मी तर सगळं डिलीट केलं होतं. मग टीव्हीला कोणी सांगितलं?"

हसू नका, प्रश्न एकदम बरोबर आहे. टीव्हीला सांगितलं गुगल अकाउंटने. घरातल्या दोन्ही फोनवर आणि टीव्हीवर एकच अकाउंट चालू होतं, आणि ताईंनी पुसलं ते भलत्याच वहीतलं.

वही म्हणतोय कारण मला ही गोष्ट समजवायला वाण्याच्या उधारीइतकं सोपं दुसरं काही सापडलं नाही. एक छोटी वही तुमच्या घरी असते, एक खतावणी वाण्याकडे असते. घरच्या वहीतलं पान फाडलं म्हणून दुकानातली नोंद जात नाही. फोनचंही असंच आहे. काही नोंदी फोनमध्ये असतात, काही तुमच्या अकाउंटमध्ये म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर असतात, आणि काही तिसऱ्याच कोणाकडे असतात: तुम्ही उघडलेल्या वेबसाइटकडे, सिमकार्डच्या कंपनीकडे, बँकेकडे. 'हिस्टरी पुसली' असं आपण म्हणतो तेव्हा यातली कुठली, हे आधी ठरवायला लागतं.

घरची वही सगळ्यात सोपी. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर जा, हिस्टरी दिसेल, तिथेच 'डिलीट ब्राउझिंग डेटा' आहे. शेवटची पंधरा मिनिटं, तास, दिवस, आठवडा, चार आठवडे की सगळंच, असं विचारतं. 'सगळंच' निवडण्याआधी जरा थांबा. खाली कुकीजची खूण असते, ती तशीच ठेवून पुसलंत तर बऱ्याच वेबसाइटवरून लॉग-आउट व्हाल, आणि मग वीजबिलाच्या साइटचा पासवर्ड शोधत बसावं लागेल. एखादंच पान काढायचं असेल तर हिस्टरीच्या यादीत त्या ओळीपुढची खूण दाबून तेवढंच काढता येतं. आणि हो, सॅमसंगच्या फोनमध्ये त्यांचा स्वतःचा ब्राउझर असतो. त्याची हिस्टरी वेगळी. व्हॉट्सॲप किंवा फेसबुकमधल्या लिंका कधी कुठे उघडतात हे आपल्याला कळतही नाही, म्हणून दोन्ही बघा.

आता वाण्याची खतावणी. खरा मामला इथे आहे.

फोनच्या सेटिंग्जमध्ये जा, 'गुगल' शोधा, 'मॅनेज युअर गुगल अकाउंट', मग वरच्या पट्टीत 'डेटा अँड प्रायव्हसी'. कंपनीप्रमाणे आणि अपडेटप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण खाली सरकलात की 'हिस्टरी सेटिंग्ज' दिसेल. तिथे मुख्य तीन नावं आहेत. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' म्हणजे गुगलवर काय शोधलं, मॅप्समध्ये काय विचारलं, प्ले स्टोअरमध्ये काय बघितलं वगैरे. 'टाइमलाइन' म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात. आणि 'यूट्यूब हिस्टरी' म्हणजे काय शोधलं नि काय पाहिलं. त्याच्या खाली 'माय ॲक्टिव्हिटी' उघडलंत तर तारखेवार, वेळेसकट यादी येते. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी ती यादी बघून विचारलं होतं, "हे सगळं मी विचारलंय?"

या प्रत्येकाला तीन प्रकारे हात घालता येतो आणि तिथे लोकांची गल्लत होते. 'टर्न ऑफ' किंवा 'पॉज' केलं की पुढची नोंद थांबते, मागचं जसंच्या तसं राहतं. 'डिलीट' केलं की मागचं जातं, पण पुढचं पुन्हा लिहिलं जायला लागतं. आणि 'ऑटो-डिलीट' म्हणजे जुनं झालं की आपोआप जाणार. तिथे 3, 18 किंवा 36 महिने असे पर्याय आहेत. ही सोय 2019 साली आली. 2020 पासून गुगलने नव्या अकाउंटला वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीसाठी 18 महिने आणि यूट्यूबसाठी 36 महिने आपणहून लावायला सुरुवात केली. मात्र त्याआधीचं अकाउंट असेल तर ते आपोआप लागलेलं नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांचं अकाउंट तर पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हाचं! म्हणजे तुम्ही स्वतः जाऊन बदललं नसेल तर दहा-बारा वर्षांपूर्वी काय शोधलं होतं तेही तिथे असू शकतं. आज एकच काम करणार असाल तर हे करा: तिन्ही ठिकाणी ऑटो-डिलीट 3 महिन्यांवर ठेवा. दर आठवड्याला पुसत बसण्यापेक्षा हे बरं, कारण आपण विसरतो, ते विसरत नाही.

डिलीट दाबलं की लगेच सगळं नाहीसं होतं का? तुमच्या यादीतून लगेच जातं आणि तुम्हाला काय दाखवायचं हे ठरवायला वापरणंही बंद होतं. सर्व्हरवरून पूर्ण जायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये सहा महिन्यांपर्यंत राहू शकतं, असं गुगलच सांगतं. शिवाय मॅप्समध्ये शोधलेला पत्ता पुसलात तरी 'या माणसाने दिशा दाखवायची सोय वापरली होती' एवढी मोघम नोंद राहते. घरच्यांपासून लपवायचं असेल तर यादीतून गेलं एवढं पुरतं. कंपनीपासून लपवायचं असेल तर मुळात नोंदच बंद ठेवायला हवी.

जागेच्या नोंदीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे मोठा इतिहास घडलाय. 2018 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की 'लोकेशन हिस्टरी' बंद करूनही गुगल जागा नोंदवत होतं, कारण दुसरं बटण, म्हणजे वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी, चालूच होतं. त्यावरून 2022 मध्ये अमेरिकेतल्या 40 राज्यांशी गुगलने 39 कोटी 15 लाख डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे एक बटण बंद करून निश्चिंत व्हायचं नाही, हे तिथल्या सरकारी वकिलांनाही शिकायला चार वर्षं लागली. आता टाइमलाइनचा डेटा कंपनीच्या सर्व्हरऐवजी फोनमध्येच ठेवतात. गोपनीयतेला ते चांगलं. पण फोन बदलताना बॅकअप घेतला नाही तर टाइमलाइन गेलीच, हेही लक्षात घ्या. ज्यांना फिरस्तीच्या कामाचा हिशोब ठेवायला, कुठल्या तारखेला कुठे होतो ते बघायला ती लागते, त्यांनी मॅप्समध्ये टाइमलाइन उघडून ढगाच्या खुणेवरून बॅकअप चालू करावा. बाकीच्यांनी ती बंद आहे ना एवढं बघून घ्यावं. सून माहेरी किती वाजता पोहोचली आणि मध्ये कुठे थांबली, हे घरातल्या कोणीही तिचा फोन उघडून वाचू शकतं. मी वाढवून सांगत नाहीये.

बरं, आता ताईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आपल्याकडे अकाउंट काढतं कोण? मोबाइलच्या दुकानातला मुलगा. तो वडिलांच्या नंबरवर एक अकाउंट उघडतो, तेच आईच्या फोनमध्ये टाकतो, मग टीव्ही येतो, त्यातही तेच. पुढे मुलगा कॉलेजला जातो, त्याच्या टॅबमध्येही तेच. चार माणसं, चार वयं, आणि गुगलच्या लेखी मात्र एकच माणूस, ज्याला कीर्तनं, शेअर बाजार, गरोदरपणातला आहार आणि फ्री फायर सगळंच आवडतं. यूट्यूबच्या शिफारशी या एकत्र नोंदीवरून येतात. नुसत्या यूट्यूबच्याही नाहीत, गुगल आणि क्रोममधल्या हालचालींचाही त्यात हिस्सा असू शकतो. म्हणून ताईंनी फोनमधलं क्रोम पुसलं तरी टीव्हीला फरक पडला नाही.

तातडीचा उपाय असा. फोनवर यूट्यूब उघडा, खाली उजवीकडे 'यू' नावाच्या भागात 'हिस्टरी' आहे, तिथे ज्या व्हिडिओपुढे तीन टिंब दिसतात ती दाबून 'रिमूव्ह फ्रॉम वॉच हिस्टरी' करा. नुसतं एवढं पुरत नाही. तुम्ही काय टाइप केलं होतं तो शोध वेगळा नोंदलेला असतो, तोही काढा. टीव्हीवर तीच नोंद असल्यामुळे तिथूनही ते जाईल, फक्त टीव्हीवरचं ॲप बंद करून पुन्हा उघडा. पुढच्या वेळी काही खासगी बघायचं असेल तर आधीच यूट्यूबमध्ये प्रोफाइलवरून 'इन्कॉग्निटो' चालू करून घ्या.

कायमचा उपाय म्हणजे प्रत्येकाचं स्वतःचं अकाउंट. इथे एक सावधगिरी: जुनं अकाउंट फोनमधून काढून टाकू नका! तुमचे फोटो, कॉन्टॅक्ट, व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्याशी बांधलेला असतो. नवीन अकाउंट 'ॲड' करा आणि यूट्यूब, गुगल, क्रोम यांत वरच्या चित्रावर टॅप करून नव्यावर जा. जुनं तसंच राहू दे. पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा तो तुमचा प्रश्न, पण फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. आणि एकच अकाउंट कुठे कुठे चालू आहे ते बघायचं असेल तर अकाउंटच्या 'सिक्युरिटी' भागात 'युअर डिव्हायसेस' आहे. विकलेला फोन, मावसभावाला दिलेला टॅब, गावच्या घरचा टीव्ही, सगळे तिथे रांगेने उभे असतात. नको तो निवडायचा आणि तिथूनच साइन-आउट करायचा.

घरात फोन एकच आहे आणि वेगळं अकाउंट शक्य नाही, असंही असतं. तेव्हा 'माय ॲक्टिव्हिटी'मध्ये व्हेरिफिकेशनची सोय चालू करा. मग ती पूर्ण यादी उघडताना पुन्हा पडताळणी मागते. फोनचा लॉकच सगळ्यांना माहीत असेल तर याचा उपयोग कमी, ते खरं. गुगलच्या ॲपमध्ये चित्रावर टॅप केलं की 'डिलीट लास्ट 15 मिनिट्स' असतं, ते मला जास्त कामाचं वाटतं. फोन कुणाच्या हातात देण्याआधी दोन टॅपमध्ये होतं.

काही नोंदी अशा कोपऱ्यात असतात की कोणाच्या लक्षात येत नाहीत. पहिला कीबोर्ड. तुम्ही वारंवार टाइप केलेले शब्द तो शिकतो आणि दुसऱ्याने 'ग' दाबला की 'गर्भपिशवी' सुचवतो. जीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'डिलीट लर्न्ड वर्ड्स अँड डेटा' आहे. दुसरी नोटिफिकेशन हिस्टरी. अँड्रॉइड 11 पासून ही सोय आहे, चालू असेल तर गेल्या 24 तासांतली, तुम्ही सरकवून टाकलेली नोटिफिकेशनंसुद्धा तिथे वाचता येतात. समोरच्याने 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलेल्या मेसेजचा मजकूरही कधी कधी त्यात सापडतो, म्हणून तरुण मंडळी ती मुद्दाम चालू करतात. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये बघा. तिसरं जेमिनाय. आजकाल दुखण्याखुपण्याचं लोक सर्चऐवजी त्यालाच विचारतात. त्याच्या गप्पांची नोंद सर्चपेक्षा वेगळी ठेवलेली असते, ठरलेली मुदत 18 महिने, आणि ती कमी करता येते. नोंद बंद केली तरी 72 तासांपर्यंत संभाषण राहतं.

इन्कॉग्निटोबद्दल विचारणारे बरेच असतात. थोडक्यात: तो फक्त घरची वही लिहीत नाही. वेबसाइटला तुम्ही दिसता, सिमकार्डच्या कंपनीला दिसता, आणि इन्कॉग्निटोमध्येच जीमेलला लॉग-इन केलंत तर अकाउंटमध्येही नोंद होऊ शकते. डाउनलोड केलेली फाइल तर फोनमध्येच पडून राहते. लोकांचा समज वेगळा झाला म्हणून गुगलवर 2020 मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि 2024 मध्ये तडजोड करताना कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

आयफोनवाल्यांसाठी: यूट्यूब आणि गुगलचं वर सांगितलेलं तुम्हालाही लागू आहे, कारण खतावणी तीच. सफारीची हिस्टरी सेटिंग्जमधून पुसता येते, आणि 'सिग्निफिकंट लोकेशन्स' ही यादी प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, सिस्टम सर्व्हिसेस अशी बरीच खोल पुरलेली आहे, ती एकदा उघडून बघा.

आता एक असं सांगतो जे अशा 'टिप्स' सांगणारे सहसा सांगत नाहीत. कधी कधी पुसणं हेच धोक्याचं असतं.

घरात कोणी त्रास देत असेल, मारत असेल, फोन तपासत असेल, तर अचानक कोरी झालेली हिस्टरी हाच त्याला पुरावा वाटतो: "काय लपवलंस?" अशा वेळी सगळं पुसू नका. नेहमीच्या रेसिपी, मालिका, बातम्या राहू द्या, नेमकं तेवढंच काढा. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. तिथे फोन केलात तर कॉल लॉगमध्ये नंबर राहतो, तेवढी एकच ओळ दाबून धरून काढता येते. महिन्याच्या बिलात कॉलचा तपशील येत असेल तर तेही लक्षात ठेवा. त्यापेक्षा शेजारणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून लावणं जास्त सुरक्षित. जिवावर बेतलं असेल तर मात्र कशाचाही विचार न करता 112. आणि धमकीचे मेसेज? ते मुळीच पुसू नका. विश्वासातल्या माणसाला त्यांचे स्क्रीनशॉट पाठवा आणि मग हवं तर आपल्या फोनमधून पाठवल्याची खूण काढा.

तसंच पैशाच्या फसवणुकीचं. लिंकवर क्लिक केलं, खात्यातून रक्कम गेली, आणि घरचे काय म्हणतील या भीतीने माणूस पहिलं काम काय करतो, तर ती चॅट उडवतो, कॉल लॉग पुसतो. अहो, तोच तर पुरावा! तो नंबर, ती लिंक, त्या वेळा, सगळं ठेवा आणि लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, भलेभले शिकलेले अडकलेत.

आणि तिसरी वही, जिला आपला हात पोहोचतच नाही. तुम्ही कॉल लॉग रिकामा केला तरी टेलिकॉम कंपनीकडे कॉलची आणि इंटरनेट जोडणीची नोंद असते. डिसेंबर 2021 पासून ती किमान दोन वर्षं ठेवणं दूरसंचार विभागाने त्यांना बंधनकारक केलंय. त्यात बोलणं नसतं, पण कोणत्या नंबरने कोणाला, कधी, किती वेळ हे असतं. यूपीआयचंही तसंच. पेमेंट ॲपमधून व्यवहार दिसेनासा करता आला तरी पासबुकात तो छापून येणारच. नवऱ्यापासून साडीची किंमत लपवायची असेल तर रोख द्या, बाकी मी काय सांगणार.

जुना फोन विकताना मात्र एकेक हिस्टरी पुसत बसू नका. बॅकअप घ्या, सेटिंग्जमधून गुगल अकाउंट काढा, मग 'फॅक्टरी रिसेट' करा, सिम आणि मेमरी कार्ड आठवणीने काढा. नंतर नव्या फोनवरून 'युअर डिव्हायसेस'मध्ये जाऊन जुना अजून दिसतोय का बघा आणि दिसत असेल तर साइन-आउट करा. दुकानदार म्हणाला "द्या इकडे, मी करतो रिसेट," तर त्याच्यासमोर उभं राहून स्वतःच करा.

तुमच्या फोनमध्ये एखादा पर्याय मी सांगितलेल्या जागी सापडला नाही तर फोनचं मॉडेल लिहून कळवा. पुढच्या भागात व्हॉट्सॲपचा बॅकअप नेमका कुठे जातो आणि नवीन फोनवर तो का येत नाही, हे बघूया. तोवर नमस्कार.